फ्रेम सगळ्यात शेवटी: सोलापुरातल्या एका सायकलच्या जोडणीचं प्रकरण

जुळे सोलापुरात राहणारे, माध्यमिक शाळेत गणित शिकवणारे एक सर. वय 44, उंची 171 सेंटीमीटर, पायांची आतली लांबी म्हणजे इनसीम 79 सेंटीमीटर, वजन 78 किलो. आठवड्यात तीन दिवस पहाटे होटगी रस्त्याला तीस-चाळीस किलोमीटर, रविवारी तुळजापूर, अक्कलकोट नाहीतर नळदुर्ग. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) साडेतेरा तासांच्या आत पूर्ण झालेली, आता तीनशे आणि चारशे करायची. तीनशेला वीस तास मिळतात, चारशेला सत्तावीस.

हाताशी होती ती ॲल्युमिनियमची 54 मापाची रोड बाइक. तक्रारी चार. ऐंशी किलोमीटरनंतर करंगळी आणि अनामिका बधिर होतात, मान आखडते. पंक्चर फार. चढावर गिअर कमी पडतो. पावसात मडगार्ड लावायला जागा नाही. बजेट 1,80,000 रुपये. आणि प्रश्न एकच: "फ्रेम कुठली घेऊ?"

मापाची सायकल बांधून घेणारे जवळपास सगळे याच प्रश्नापासून सुरुवात करतात, आणि आमच्या मते इथेच पैसे वाया जायला सुरुवात होते. आधी कळस, मग पाया असा तो प्रकार. फ्रेम ही बाकीच्या गोष्टींना जोडणारी वस्तू आहे. माणूस सायकलवर कसा बसणार, टायर किती रुंद, गिअर कोणते, पाणी किती न्यायचं, हे ठरल्याशिवाय कारागिराला सांगण्यासारखं काहीच नसतं. या प्रकरणात फ्रेमचं चित्र सर्वांत शेवटी काढलं, आणि तरीही पहिल्या चित्रात एक चूक झालीच. ती पुढे सांगितली आहे.

बसण्याचा हिशेब

171 उंचीला 79 इनसीम म्हणजे पाय आखूड, धड लांब. अशा माणसाला तयार सायकलीत नेहमी पेच पडतो. धडाकडे बघून मोठं माप घ्यावं तर वरचा दांडा मांड्यांच्या बेचक्यात लागतो, पायांकडे बघून लहान घ्यावं तर हँडल फार खाली जातं. सरांच्या जुन्या सायकलीचा स्टॅक 545 आणि रीच 384 मिलिमीटर. स्टॅक म्हणजे क्रँकच्या (पायडल जिला जोडलेलं असतं त्या दांडीच्या) आसापासून हेडट्यूबच्या (हँडल ज्या नळीत फिरतं तिच्या) माथ्यापर्यंतची उभी उंची, रीच म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर. त्यावर 30 मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे हँडल उचलणाऱ्या चकत्या, आणि 100 मिलिमीटरचा स्टेम, म्हणजे हँडल धरणारा पुढचा तुकडा, सहा अंश खाली झुकलेला.

दुकानात ऐकवली जाणारी स्टॅक-रीचची आकडेमोड फ्रेमपाशी थांबते. हाताला मात्र फ्रेम लागत नाही, हँडल लागतं. म्हणून हँडलच्या मध्यबिंदूची जागा काढली: क्रँकच्या आसापासून 621 मिलिमीटर वर आणि 465 पुढे. सीटचा माथा त्याच आसापासून दांड्याच्या रेषेत 687 मिलिमीटरवर, म्हणजे उभ्या उंचीत 657. सीट आणि हँडलमध्ये 36 मिलिमीटरचा उतार. तरुण, लवचीक माणसाला हा काहीच नाही. मांडीच्या मागच्या शिरा ताठ असलेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाचा मात्र भार तळहातांवर येतो, आणि करंगळीच्या बाजूची नस दबते.

नवीन फ्रेमवर रुपयाही घालण्याआधी जुन्या सायकलीवर 90 मिलिमीटरचा स्टेम उलटा, म्हणजे सहा अंश वर करून लावला. हँडल 638 वर आणि 449 पुढे आलं: सोळा-सतरा मिलिमीटर उंच, तेवढंच जवळ. तीन आठवडे, चार फेऱ्या, प्रत्येक नव्वद किलोमीटरच्या वर. बोटांचा बधिरपणा दुसऱ्या फेरीपासून गेला. मान थोडी धरायची, तीही सीटचं टोक अर्धा अंश खाली केल्यावर सैल पडली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. फक्त हात बधिर होतात म्हणून कोणी मापाची फ्रेम बांधत असेल तर थांबावं. साधा स्टेम बदलून हे काम होतं. सरांनाही हेच सांगितलं, आणि मग उरलेल्या तीन तक्रारी पुन्हा तपासल्या. गिअर जुन्या सायकलीवर बदलता आले असते. टायर आणि मडगार्ड मात्र नाही. त्या फ्रेमच्या मागच्या बेचक्यात 25 मिलिमीटरच्या वर टायर बसत नाही, आणि नळी कापून जागा करता येत नाही. नव्या फ्रेमचं खरं कारण टायर होतं.

टायर

सोलापूरच्या रस्त्यांचे शत्रू तीन. पावसाळ्यानंतर कडेच्या गवतातून पसरणारा सराटा. वेड्या बाभळीचा काटा. आणि महामार्गाच्या कडेला, विशेषतः पुणे आणि हैदराबादच्या बाजूला, ट्रकच्या फुटलेल्या टायरांमधून सुटलेली बारीक पोलादी तार. ही तार दोन-तीन मिलिमीटरची असते, डोळ्याला दिसत नाही आणि ट्यूबमध्ये सुईसारखी शिरते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमुळे कडेला सरकावं लागतं, आणि नेमका हा सगळा कचरा कडेलाच असतो.

म्हणून 32 मिलिमीटरचं ट्यूबलेस टायर, आतून 21 मिलिमीटर रुंद आणि हुक (टायरची कड पकडणारी वळलेली कडा) असलेल्या रिमवर. बिनहुकाच्या रिम हलक्या असतात, पण त्यांना दाबाची कडक मर्यादा असते आणि ठरावीकच टायर चालतात. आडगावी टायर चिरलं तर मिळेल ते बसवता आलं पाहिजे, म्हणून हुक.

प्रत्येक टायरमध्ये 50 मिलिलिटर सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव. पुस्तकात तीन महिने लिहिलेलं असतं, इथल्या मार्च ते मेच्या उन्हात सहा आठवड्यांत त्याची साय होते. उन्हाळ्यात दर सहा आठवड्यांनी 30 मिलिलिटर भर, एरवी दहा आठवड्यांनी. हवा पुढे 50, मागे 56 पीएसआय. पहाटे बावीस अंशांत भरलेली हवा दुपारी टायर पन्नास अंशांवर गेला की सहाएक पीएसआयने वाढते, त्यामुळे उन्हाळ्यात भरतानाच तीन-चार कमी ठेवायची.

एक धोका मात्र ट्यूबलेसवाल्यांच्या लक्षात येत नाही. सीलंट भोक बुजवतं, काटा काढत नाही. टायर वापरून झालं की आतून बोट फिरवून बघा, टोकं लागतात. सरांच्या मागच्या टायरमधून तीन महिन्यांनी पक्कडीने चौदा सराटे आणि एक तार निघाली. एकाही वेळेला हवा गेली नव्हती. पण रस्त्यात मोठी चीर पडून आत ट्यूब घालायची वेळ आली, तर हेच चौदा काटे ट्यूबला चौदा भोकं पाडतात. ट्यूब घालण्याआधी टायर पूर्ण उलटं करून काटे उपटायचे. यासाठी छोटी पक्कड सोबत ठेवावी, नखांनी ते निघत नाहीत.

गिअर

जुन्या सायकलीला पुढे 50-34 आणि मागे 11-28 दातांच्या चक्र्या. सोलापूर परिसर सपाट, तुळजापूरचा घाट छोटा, त्यामुळे रोज काही अडत नाही. अडतं ते पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या ब्रेव्हेत, कात्रज आणि खंबाटकीला, तेही पायांत शंभर-दीडशे किलोमीटर असताना.

हिशेब सरळ आहे. माणूस, सायकल, पिशव्या आणि पाणी मिळून 94 किलो. सहा टक्के चढ. पायडलच्या मिनिटाला 70 फेऱ्या धरल्या तर जुन्या सर्वांत हलक्या गिअरवर वेग ताशी 10.7 किलोमीटर येतो, आणि त्याला सुमारे 180 वॅट लागतात. पुढे 30 आणि मागे 34 दात असले तर त्याच फेऱ्यांना वेग 8, ताकद 135 वॅट. रात्री अकराला, अडीचशे किलोमीटर झाल्यावर या पंचेचाळीस वॅटमुळे माणूस बसून चढतो, नाहीतर उतरून ढकलतो.

वरच्या टोकाला 46-11 वर नव्वद फेऱ्यांना ताशी साडेअठ्ठेचाळीस. "50 चे 46 केले तर उतारावर कमी पडेल," अशी शंका सरांच्या मित्रांनी घेतली होती. जुन्या 50-11 वर तोच आकडा 53 च्या आत आहे. ब्रेव्हेत ताशी 48 च्या वर पायडल मारायची वेळ येत नाही, तिथे अंग आखडून सायकल सोडून द्यायची असते.

निवड: शिमानो जीआरएक्स, अकरा गिअरचा संच. 600 मालिकेची 46-30 क्रँक आणि ब्रेक लिव्हर, 810 मालिकेचे पुढचा आणि मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), मागे 11-34 कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा गठ्ठा. दात मोजले तर पुढे 16 चा फरक, मागे 23 चा, मिळून 39. हा डिरेलर तेवढा पेलतो. बारा गिअरचा संच मिळत असताना अकराचा का? अकराच्या चेन आणि कॅसेट पुण्यात सहज मिळतात, स्वस्तही आहेत, आणि बारावा गिअर या गरजेत काही भर घालत नाही. इलेक्ट्रॉनिक गिअर पहिल्याच बैठकीत बाद केले. ते बिघडत नाहीत, पण चारशेच्या ब्रेव्हेत चार्जिंगच्या यादीत आणखी एक वस्तू नको.

क्रँकची लांबी 172.5 वरून 165 मिलिमीटर. 79 इनसीमला 172.5 लांबच पडते, वरच्या टोकाला गुडघा पोटाकडे येतो आणि कंबर वाकते.

या संचात दोन खाचखळगे आहेत. पहिला, जीआरएक्सच्या क्रँकची चेनलाइन (चक्र्यांचं फ्रेमच्या मध्यरेषेपासूनचं अंतर) नेहमीच्या रोड क्रँकपेक्षा अडीच मिलिमीटर बाहेर असते. एका ऑनलाइन दुकानाने "चालतंय की" म्हणून साधा रोडचा पुढचा डिरेलर पाठवला. लिमिट स्क्रू पूर्ण बाहेर काढला तरी पिंजरा मोठ्या दातचक्रीवर पोचेना, पोचला तेव्हा चेन घासायला लागली. तो परत करण्यात बारा दिवस गेले. क्रँक जीआरएक्सची तर पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच. दुसरा, शिमानोची ही 11-34 कॅसेट अकरा गिअरच्या रोड हबवर बसवताना मागे 1.85 मिलिमीटरची चकती लागते. ती विसरली तर लॉकरिंग घट्ट होतं पण कॅसेट सैल राहते, आणि हाताने हलवली की टकटक वाजते. चकती सहसा कॅसेटच्या खोक्यात येते, खोकं फेकण्याआधी बघावं.

फ्रेम

आता फ्रेम. पोलाद घेतलं. ॲल्युमिनियम वेल्ड केल्यावर पूर्ण फ्रेमला पुन्हा उष्णता द्यावी लागते, लहान कारखान्यात ती भट्टी नसते. टायटॅनियमला वेल्ड करताना नळीच्या आतूनही आरगॉन भरावा लागतो, आणि किंमत बजेटच्या बाहेर. कार्बन मापात बांधणं महाग, आणि सायकल खोक्यात घालून बसने पाठवताना त्याची काळजी फार. पोलादी नळीला पोचा आला तर दिसतो, तडा गेला तर दुरुस्त होतो.

वरच्या आणि खालच्या तिरक्या दांड्याला रेनॉल्ड्स 725, भिंतीची जाडी टोकांना 0.8 आणि मध्ये 0.5 मिलिमीटर. मागचे दांडे साध्या क्रोमोलीचे. चिमटा म्हणजे फोर्क कार्बनचा, तयार, मडगार्डची भोकं असलेला, 50 मिलिमीटर रेकचा, म्हणजे चाकाचा आस स्टिअरिंगच्या रेषेपुढे तेवढा असलेला. पोलादी चिमटाही सुंदर होतो, पण डिस्क ब्रेकचा जोर सहन करायला तो जाड करावा लागतो आणि मग हातांना कडक लागतो.

हेडट्यूबचा कोन 72 अंश. 32 च्या टायरवर ट्रेल, म्हणजे स्टिअरिंगची रेषा जमिनीला भेटते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर, 59 मिलिमीटर येतो, जुन्या सायकलीवर 56 होता. हँडलवर दोन किलोची पिशवी असताना, झोप डोळ्यांवर असताना सायकल सरळ चालावी, एवढाच हेतू. बॉटम ब्रॅकेटचा (क्रँकच्या बेअरिंगच्या जागेचा) ड्रॉप, म्हणजे चाकांच्या आसांपेक्षा ती जेवढी खाली तेवढं अंतर, 75, मागची चेनस्टे, म्हणजे तिथपासून मागच्या चाकापर्यंतचा दांडा, 430. चेनस्टे आखूड करायचा मोह कारागिरांना फार होतो, दिसायला सायकल झकास दिसते. पण 45 मिलिमीटरचं मडगार्ड, त्याखाली 32 चं टायर, आणि दोहोंमध्ये काळी माती अडकणार नाही एवढी फट हवी असेल तर 430 लागतातच. ओल्या शेतवाटेवरची आपली काळी माती लाह्याच्या पिठासारखी चिकटते. फट बारा मिलिमीटरपेक्षा कमी असली तर चाक जाम होतं.

बॉटम ब्रॅकेट आट्यांचा, बीएसए, 68 मिलिमीटरचा. दाबून बसवायचे प्रकार धुळीत कुरकुरतात. उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे जोडणाऱ्याने विसरू नये.

पहिल्या चित्रातली चूक अशी. कारागिराने चाचणीतली हँडलची जागा, 638 वर आणि 449 पुढे, घेतली आणि उलट्या हिशेबाने स्टॅक 575, रीच 375 काढला. स्टेम 90 मिलिमीटरचा, सहा अंश खाली, स्पेसर 15 मिलिमीटर. कागदावर सगळं जुळत होतं. सरांनी ते चित्र ब्राऊन पेपरवर मूळ मापात काढलं, भिंतीला लावलं आणि सीटची उंची भरताना अडले. त्यांनी कारागिराला फोन केला: "दादा, क्रँक साडेसातने आखूड केली ना? मग सीट साडेसातने वर जाणार. हँडल तिथेच कसं?"

बरोबर होतं. क्रँक आखूड झाली की खालच्या टोकाला पाय पूर्वीइतकाच ताणला जावा म्हणून सीट तेवढीच वर न्यावी लागते: 687 ची झाली 695. सीटचा माथा 657 वरून 665 वर. हँडल 638 लाच ठेवलं असतं तर चाचणीत मिळालेला 19 मिलिमीटरचा उतार 27 झाला असता, आणि तीन आठवड्यांच्या चाचणीचा फायदा तिथेच संपला असता. स्टॅक 583 केला. हँडल 645 वर आलं, पुढचं अंतर 449 तसंच. हँडलबारचा रीचही (हँडलच्या पुढे वळलेल्या भागाची लांबी) मुद्दाम जुन्याइतकाच, 75 मिलिमीटर ठेवला, नाहीतर हात पुन्हा वेगळ्या जागी पडले असते.

स्टॅक वाढला आणि दुसरा पेच उभा राहिला. हेडट्यूबचा माथा जमिनीपासून 851 मिलिमीटर. वरचा दांडा तिथून जवळपास आडवा नेला तर उभं राहायला जागा 79 च्या इनसीमला पुरत नाही. त्यामुळे दांडा हेडट्यूबच्या माथ्यापासून 50 मिलिमीटर खाली जोडला आणि मागे दहा अंश उतरवला. बेचक्याखाली दांड्याची उंची 767 आली. अनवाणी दोन सेंटीमीटरच्या वर जागा, बुटांचा तळ वेगळा. पण दांडा खाली आला की त्रिकोण लहान होतो, आणि त्रिकोणात पाण्याच्या बाटल्या असतात. एप्रिलमध्ये ताशी पाऊण लिटर पाणी लागतं, आणि अक्कलकोट रस्त्याला दुपारी वीस-वीस किलोमीटर सावली मिळत नाही. शेवटी खालच्या तिरक्या दांड्यावर 950 मिलिलिटरची बाटली, सीटखालच्या दांड्यावर 620 ची, बॉस (बाटलीचा पिंजरा लावायची आट्यांची भोकं) 20 मिलिमीटर खाली सरकवून. बाटल्या प्रत्यक्ष चित्रावर ठेवून पेन्सिलीने घेर काढला, मगच बॉसची जागा ठरली. तिसरे बॉस तिरक्या दांड्याच्या खालच्या अंगाला, पण तिथे बाटली ठेवू नये. चाकावरची घाण तोंडाला लागते. तिथे अवजारांचा डबा.

बूट आणि पुढच्या चाकाचं अंतरही तपासलं. आधीपेक्षा चाक 17 मिलिमीटर पुढे गेलं, क्रँक साडेसातने आखूड, म्हणजे साडेचोवीसचा फायदा. जाड टायरने 7 खाल्ले, मडगार्डने 12. उरले साडेपाच. अगदी हळू वळताना बूट मडगार्डला अजूनही लागू शकतो. सरांना ते सांगून ठेवलं आणि त्यांनी मान्य केलं.

रंगाआधी आणि रंगानंतर

फ्रेम कच्ची असतानाच ती सरळ आहे का ते बघावं, रंगानंतर वाद घालण्यात अर्थ नसतो. पद्धत साधी, लागतो फक्त मजबूत दोरा. मागच्या एका ड्रॉपआउटला (चाकाचा आस बसतो त्या जागेला) दोरा बांधायचा, हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधायचा. आता सीटखालच्या दांड्यापासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर पट्टीने मोजायचं. इथे डावीकडे 31, उजवीकडे 31.5 आलं. एक मिलिमीटरपर्यंत चालतं. दोनच्या वर असेल तर परत पाठवावी.

पावडर कोटिंग टिकाऊ, पण जाड असतं. बॉटम ब्रॅकेटचे आटे, सीटपोस्टची आतली बाजू आणि ब्रेक कॅलिपर (पॅड धरणारा भाग) बसतो तो सपाट पृष्ठभाग झाकूनच रंग द्यायला सांगावं. इथे पहिले दोन झाकले, तिसरा राहिला. कॅलिपर रंगाच्या थरावर तिरका बसला, पॅड एका कडेनेच रोटरला, म्हणजे ब्रेकच्या तबकडीला, घासत राहिले. फेसिंगच्या कटरने रंग काढला तेव्हा कॅलिपर सरळ बसला. बॉटम ब्रॅकेटच्या खाली पाच मिलिमीटरचं भोक हवंच. सीटपोस्टमधून पावसाचं पाणी आत जातं, त्याला बाहेर वाट नसेल तर पोलाद आतून गंजतं. जोडणीआधी नळ्यांत उकळलेलं जवस तेल ओतून, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवून, दोन दिवस उलटी टांगून ठेवली.

जोडणी

चाकं पुढे 28 आऱ्यांची, मागे 32 ची, प्रत्येक आरा दुसऱ्या तीन आऱ्यांना छेदून जाणारा, आरे 2.0-1.8 मिलिमीटरचे, निपल (आऱ्याचं रिमकडचं टोक आवळणारे नट) पितळेचे. ॲल्युमिनियमचे निपल काही ग्रॅम वाचवतात आणि दोन पावसाळ्यांत आऱ्याला चिकटून बसतात, मग आऊट, म्हणजे चाकाचा डोल, काढताना तुटतात. मागे 24 आऱ्यांचं तयार चाक स्वस्त मिळत होतं. एक आरा तुटला की 24 चं चाक एवढं डुलतं की फ्रेमला घासतं, 32 चं घरापर्यंत येतं. मागच्या उजव्या बाजूचा ताण 115 किलोच्या आसपास. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर दोन्ही चाकांचा आऊट पुन्हा काढला, नव्या चाकाला हे लागतंच.

चेन 110 कड्यांची: मोठ्या चक्रीवरून मोठ्या चक्रीवर डिरेलर सोडून ओढली, त्यात दोन कड्या मिळवल्या. क्रँकचे बोल्ट 12 ते 14 न्यूटन-मीटर, टोपी फक्त हाताच्या जोराने. ही टोपी पान्याने आवळली की बेअरिंग महिन्याभरात खरखरतं. रोटर पुढे 160, मागे 140. नवे पॅड रोटरवर बसवायला ताशी पंचवीसवरून चालण्याच्या वेगापर्यंत, चाक लॉक न करता, पंचवीस वेळा ब्रेक लावला. हे न केल्यास ब्रेक ओरडतात आणि लोक पॅडला दोष देतात. चेनवर तेलाचा स्प्रे मारताना रोटरवर कापड झाकावं, एक शिंतोडा पॅड बाद करायला पुरे.

जुनी सीट आणि पायडल तशीच नव्या सायकलीवर आली. जी सीट आठ तास त्रास देत नाही ती बदलू नये, मग ती कितीही जुनी दिसो.

शेवटी खर्च: रंगासह फ्रेम 58,000, चिमटा 19,000, गिअर-ब्रेक संच 56,000, चाकं 26,000, टायर, मडगार्ड, टेप आणि किरकोळ 16,000. एकूण 1,75,000. वजन बाटल्यांशिवाय 10.9 किलो, जुनीपेक्षा जवळपास दोन किलो जास्त. सपाट रस्त्यावर हे दोन किलो जाणवत नाहीत, आणि चढावर गिअर भरपाई करतो.

नंतरचे तीन महिने

विजयपूरपर्यंत जाऊन परत, दोनशेच्या आसपास, पहिली लांब फेरी. बोटं ठीक. मान ठीक. उजव्या गुडघ्याच्या मागे थोडी ओढ आली, सीट तीन मिलिमीटर खाली केल्यावर गेली. आखूड क्रँकला सीट हिशेबाइतकी वर नेऊन थोडं खाली यावं लागणं नेहमीचं आहे, सुरुवातीला साडेसातऐवजी पाचनेच वर न्यावी असं आता आम्ही सुचवतो. त्यामुळे उतारही तेवढाच घटतो, हाताला बरंच.

तीन महिन्यांत पंक्चर शून्य, सीलंटने बुजवलेले काटे मात्र वर सांगितल्याप्रमाणे पंधरा. पुढच्या मडगार्डचा खालचा फ्लॅप सैल होऊन खडखडला, नायलॉन नट लावल्यावर बंद.

राहिला तो डिरेलरचा हँगर, म्हणजे मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा. सायकल मागून उजव्या बाजूला पडली तर वाकतो आणि तुटतो तो हाच तुकडा, तुटायलाच बनवलेला. कारखान्याच्या सायकलीचा हँगर इंटरनेटवर क्रमांक टाकून मिळतो, मापात बांधलेल्या फ्रेमचा फक्त बांधणाऱ्याकडे. म्हणून फ्रेमबरोबरच दोन जास्तीचे मागवले. एक घरी, एक सीटखालच्या पिशवीत, त्याच्या दोन बोल्टांसह, कापडात गुंडाळून.